मूत्राशयाची गांठ आणि पी-५३ चा कौल

मूत्राशयांतील गांठ काढल्यावर तपासणीचा अहवाल घरीं येतो आणि घरांतील शिकलेला मुलगा तो वडील मंडळींस वाचून दाखवूं लागतो. त्यांत कधीं कधीं ‘पी-५३ पॉझिटिव्ह’, ‘केआय-६७ इतके टक्के’ अशीं अक्षरें निघतात आणि ऐकणारांच्या पोटांत धस्स होतें. या अक्षरांवरून गांठीचा स्वभाव कितपत ओळखतां येतो, तेवढेंच आज सांगण्याचा आमचा विचार आहे.

केआय-६७ चें काम सोपें आहे. हें प्रथिन विभागणीच्या मार्गास लागलेल्या पेशींतच आढळतें. शंभरांपैकीं किती पेशी रंगल्या यावरून गांठीच्या वाढीचा वेग अजमावतां येतो.

पी-५३ ची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. १९७९ सालीं उजेडांत आलेलें हें प्रथिन पेशीचें पहारेकरी होय. डीएनएस इजा झाली कीं तें विभागणी थांबवितें, आणि इजा दुरुस्त होण्यापलीकडची असल्यास पेशीस मरण पत्करावयास लावतें. निरोगी पेशींत तें तयार होतांच मोडलें जातें. जनुक बिघडलें म्हणजे मात्र निकामी प्रथिन न मोडतां सांचत जातें, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं पेशीकेंद्रें रंगलेलीं दिसतात. पहारेकरी दिसतो, पण झोंपलेला!

लॉस अँजेलिस येथील वैद्यांनीं मूत्राशय काढून टाकलेल्या २४३ रोग्यांच्या गांठी अशा तपासल्या आणि १९९४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांची गांठ अस्तराखालच्या थरापर्यंतच पोंचली होती, त्यांच्यांत पी-५३ न सांचलेल्यांपैकीं पांच वर्षांत सुमारें ७ टक्क्यांस रोग उलटला. सांचलेल्यांपैकीं ६२ टक्क्यांस. एवढी तफावत पाहून कोणाचाही विश्वास बसावा.

म्हणून पुढें त्याची रीतसर परीक्षा झाली. पी-५३ सांचलेल्या रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन गट करून एकास शस्त्रक्रियेनंतर तीव्र औषधें दिलीं, दुसऱ्यास केवळ देखरेखीखालीं ठेविलें. २०११ सालीं निकाल प्रसिद्ध झाला: औषधांनीं फरक पडला नाहीं, आणि पी-५३ च्या कौलावरून कोणाचा रोग उलटेल हेंही सांगतां आलें नाहीं. रंगकामाची एक अडचण तर उघडच आहे. कांहीं बिघाडांत प्रथिन मुळींच तयार होत नाहीं. तेव्हां केंद्र कोरें दिसतें आणि पहारा तर उठलेलाच असतो. शिवाय किती पेशी रंगल्या म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ म्हणावयाचें, याची रेघ सर्वत्र एकच नसते.

तेव्हां आमचें मत असें कीं, अहवाल हातीं येतांच पी-५३ शोधूं नये. पेशी निकोप पेशींहून किती बिघडल्या आहेत आणि गांठ स्नायूंत शिरली आहे कीं नाहीं, या दोन ओळी आधीं वाचाव्या. मूत्राशय राखावयाचें कीं काढावयाचें, हें मुख्यतः त्यांवर ठरतें. प्रथम निदानाच्या वेळीं चारांपैकीं सुमारें तीन गांठी स्नायूच्या अलीकडेच असतात. तपासलेल्या तुकड्यांत स्नायू आलाच नसेल, तर ‘शिरली नाहीं’ या शब्दांस फारसें वजन नाहीं. अशा वेळीं पुन्हां दुर्बीण घालून तुकडा घेण्याची गरज आहे काय, हें डॉक्टरांस अवश्य विचारावें. आजोबा ‘पुन्हां कशाला?’ म्हणतील, त्यांस हें कारण समजावून सांगावें.