तुझीच मनगटं बारीक!

परवा स्कॉटलंडहून भाचीचा फोन आला. तिकडे ती समुद्रात बुड्या मारायला शिकतेय. आपल्या तारकर्लीला पर्यटक मारतात तशीच बुडी, पण तिथलं पाणी हाडं गोठवणारं. पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट वेगानं अंगातली ऊब ओढून घेतं. म्हणून तिथे ड्रायसूट घालतात, आतले कपडे कोरडे ठेवणारा बंद पोशाख. पाणी अडवतात ते गळ्याला आणि मनगटांना असलेले रबरी पट्टे. त्यांना सील म्हणतात.

"मावशी, पहिल्याच बुडीत कोपरापर्यंत भिजले गं. भाड्याचा सूट होता. मालक म्हणतो, तुझीच मनगटं बारीक!"

हे वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून तिला खोदून खोदून विचारलं.

कासार बांगड्या भरतो तेव्हा आधी पंजा दाबून बघतो, दोन-चारची की दोन-सहाची. बांगडी पंजातून गेली की झालं, मनगटात सैल खेळली तरी चालते. सीलचं तसं नाही. त्यानं पंजातूनही जायचं आणि मनगटाला चिकटूनही बसायचं. लेटेक्सचं सील निमुळतं येतं, ते आपल्या मापाला थोडं थोडं कापत जायचं. भाड्याच्या सूटचं सील आधीच कुणा धिप्पाड गड्याच्या मनगटासाठी कापलेलं. कापलेलं रबर परत वाढतं थोडंच? त्यात बारीक मनगटाच्या शिरा मूठ आवळली की वर येतात आणि मधल्या खाचेतून पाणी आत शिरतं. अशा हाताला जरा लांब सील बरं, मनगटाच्या हाडाच्या वर बसणारं. सिलिकॉनचं मऊ असतं, लेटेक्सची ॲलर्जी असणारीला तेच सोयीचं. गळ्याचं मात्र जपून हं! "घट्ट असलेलं बरं" म्हणून चालत नाही. मानेच्या रक्तवाहिन्यांवर दाब आला तर चक्कर येते, शुद्धही हरपू शकते, आणि तीही पाण्याखाली.

बाईच्या मापाचं नसणं हे फक्त दुकानापुरतं नाही. मार्च 2019 मध्ये अ‍ॅन मॅकक्लेन आणि क्रिस्टिना कोच या दोघींनी मिळून अंतराळात चालायचं ठरलं होतं. मध्यम मापाचा वरचा भाग वापरायला तयार असा एकच निघाला, म्हणून मॅकक्लेनच्या जागी पुरुष सहकारी गेला. ऑक्टोबरमध्ये कोच आणि जेसिका मीर गेल्या, तेव्हा कुठे पहिल्यांदा दोन बाया एकत्र बाहेर पडल्या. एवढी मोठी नासा, पण अडलं कुठे, तर मापात!

भाचीनं आता स्वतःचं लहान मापाचं सील घेतलंय. ती कमावती आहे, तिला जमलं. आमच्या गावातल्या सफाई कामगार बायकांचं काय? त्यांना मिळणारे हातमोजे पुरुषी पंजाचे. बोटांची टोकं लोंबतात, झाडूची मूठ धड धरता येत नाही. मग काही जणी मनगटाशी सुतळी बांधतात, बाकीच्या मोजे घरी ठेवून उघड्या हातांनी कचरा उचलतात. वर "दिलेत तरी वापरत नाहीत" हे ऐकायचं. मी विचारायला गेले तर साहेब म्हणाले, "बाई, एकच साईज येते."

पुढच्या खरेदीच्या कागदात मापाचा रकाना घाला, असा अर्ज आम्ही दिलाय. सोबत अकरा जणींच्या पंजांची मापं जोडलीत. घेतली कासारकाकांनीच, पण लिहिली सेंटिमीटरमध्ये.