पट्टा बसवला, पुढचे कोणी पाहायचे?

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांच्या बातम्यांनी सध्या विज्ञानाची पाने भरली आहेत. एकेकाळी हा मान जठरपट्ट्याचा होता, आणि तेव्हाही बातमी घटलेल्या किलोंपाशीच संपत असे.

अमेरिकेने २००१ साली मान्यता दिलेला हा पट्टा म्हणजे जठराच्या वरच्या भागाभोवतीचे सिलिकॉनचे कडे. त्वचेखालच्या पोर्टमध्ये सुईने सलाइन भरून ते आवळायचे, काढून सैल करायचे. शस्त्रक्रिया एका दिवसाची, देखभाल जन्माची. कडे सरकते, जठराच्या भिंतीत रुतते. अन्ननलिका फुगते, रात्री आंबट पाणी घशाशी येते, पोळीचा घास छातीत अडकतो. कित्येकांचे पट्टे अखेर काढावे लागले आणि शल्यचिकित्सक स्लीव्हकडे वळले. त्या माघारीचा गाजावाजा मात्र झाला नाही.

पुण्यात पट्टा बसवून नोकरीसाठी बेळ्ळंदूरला आलेल्या माणसाचे काय? पट्टा कोणत्या बनावटीचा, आत किती मिलिलिटर सलाइन, हे नव्या डॉक्टरांना सांगणार कोण? त्रासाची तक्रार केली की ‘पथ्य पाळले नाही’ हे उत्तर ठरलेले. कड्याने जठराची भिंत कुरतडली, त्यात पोळीचा काय दोष?

वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी मटेरिओव्हिजिलन्स योजना देशात २०१५ पासून आहे. किती रुग्णांना तिचे नाव कोणी सांगितले? पट्ट्याची बनावट, अनुक्रमांक व सलाइनची प्रत्येक नोंद असलेले कार्ड रुग्णाच्या हाती हवे, आणि पट्टा काढण्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात लिहिलेला हवा.