शपथ झाली, संध्याकाळचं काय?



कैरीच्या लोणच्याचं लिहीन म्हटलं होतं, ते पुढच्या वेळी. आज जरा रागावून लिहितेय.

गेल्या महिन्यात आमच्या शहापुरात व्यसनमुक्तीचा कार्यक्रम झाला. मांडव, हार, तीन भाषणं. शेवटी सगळ्या पुरुषांना उभं केलं, उजवा हात पुढे करायला लावला आणि शपथ दिली. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. एकाच माणसाने हात पुढे केला नाही. ते माझे धाकटे दीर. शेजारच्या काकांनी ढोसलं, तरी नाही. मागे बायकांत कुजबुज सुरू झाली, "बघा, अजून सुटलेली दिसत नाही."

घरी येताना भाऊजी एवढंच म्हणाले, "वहिनी, ही शपथ मी तीनदा घेतलीय. तीनदा मोडलीय. सुटली ती शपथेनं नाही."

चौदा महिने झाले, त्यांनी दारूला हात लावलेला नाही. आणि मांडवात बोटं त्यांच्याकडेच दाखवली गेली. म्हणून हा लेख. त्यांच्या परवानगीनेच लिहितेय.

जैन घरात दारू? होय. सप्तव्यसनांची यादी आपल्या मुलांना पाढ्यांसारखी पाठ असते, तरीही होय. "आपल्यात नसतं हो हे" असं म्हणत म्हणत आपण वर्षं काढतो आणि तेवढ्या वर्षांत घरातला माणूस महामार्गावरच्या ढाब्यावर जाऊन, बडीशेप चघळत परत येतो. आम्हीही तेच केलं. कळल्यावर काय केलं? रडलो, भांडलो, मुलांची आण घातली. पर्युषणात महाराजसाहेबांकडे नेऊन पच्चक्खाण घेववलं. सासूबाईंनी आयंबिल केलं. आम्हाला वाटलं, संपलं.

अकराव्या दिवशी एका मित्राकडे हळद होती. आपल्या तालुक्यात हळदीच्या रात्री काय वाहतं, ते मी सांगायला नको. भाऊजींनी एक ग्लास घेतला. पुढचे चार दिवस ते पीतच राहिले. पुढे एकदा मी विचारलं, एकावर का नाही थांबलात? त्यांचं उत्तर मी विसरणार नाही. "वहिनी, एकदा मोडलं ना, की मग पाळायला काही उरतच नाही."

हे वाक्य नीट ऐका. पहिला ग्लास दारूच्या ओढीने गेला असेल, पण पुढचे चार दिवस या वाक्याने नेले. "मी व्रत मोडलं, मी पापी, आता काय राहिलं?" हा विचारच माणसाला पुन्हा ढाब्यावर नेतो.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट यांनी नेमकं हेच अभ्यासलं. एक घसरण आणि पूर्ण कोसळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मधला पूल अपराधाच्या भावनेचा असतो, असं त्यांनी १९८५ च्या त्यांच्या पुस्तकात मांडलं. माणसं पुन्हा प्यायला लागतात तेव्हा नेमकं काय घडलेलं असतं, हेही त्यांनी तपासलं. जवळजवळ तीन-चतुर्थांश वेळा कारणं तीनच निघाली: मनाची वाईट अवस्था, जवळच्या माणसाशी भांडण आणि सोबत्यांचा आग्रह. आता सांगा, आपली शपथ यातल्या कोणत्या कारणावर इलाज करते? उलट घरी रोज टोमणे मारून पहिली दोन कारणं आपणच पुरवतो.

भाऊजींचं पुढे काय झालं, ते सांगते. त्यांचे एक व्यापारी स्नेही त्यांना ठाण्याला एका समुपदेशकाकडे घेऊन गेले. उपचाराचं नाव सीबीटी. मराठीत विचार आणि वर्तन यांवरचा उपचार म्हणू. १९६० च्या दशकात डॉ. अ‍ॅरन बेक यांनी तो नैराश्यासाठी मांडला आणि पुढे व्यसनांसाठीही वापरला जाऊ लागला. प्रसंग, त्यावर मनात उठणारा विचार आणि त्यातून होणारी कृती, ही साखळी सुटी करून बघायची आणि जिथे कडी कच्ची असेल तिथे तोडायची, एवढं त्याचं सार.

पहिल्या दिवशी समुपदेशकांनी वही करायला सांगितली. प्यावंसं वाटलं की वेळ, जागा, सोबत कोण, मनात काय आणि पुढे काय केलं, ते लिहायचं. भाऊजी धान्याचे व्यापारी. त्यांनी रोजमेळासारखे रकाने आखले. तीन आठवड्यांत वहीनेच उत्तर दिलं. ओढ लागायची ती बहुतेक संध्याकाळी सात ते आठच्या मधे, शटर ओढायच्या वेळी. उधारीच्या वसुलीचा दिवस असेल तर हमखास. आणि मनातलं वाक्य दर वेळी तेच: "दिवसभर राबलो, एवढं तर माझ्या हक्काचं."

अजून एक गोष्ट वहीत निघाली, ती वाचून मी गप्प झाले. आमच्या घरी चौविहार. सूर्यास्ताआधी जेवणं आटपतात. भाऊजी दुकानात अडकले की त्यांचं जेवण हुकायचं आणि शटर ओढताना पोटात दुपारपासून काही नसायचं. भूक, थकवा आणि अपमान, तिन्ही एका वेळी. आम्ही घरात त्यांच्यासाठी माळा जपत होतो आणि डबा पाठवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

तेव्हापासून साडेपाचला डबा दुकानात जातो. वसुलीला मोठा भाचा सोबत असतो. परतीचा रस्ता बदलला. ओढ लागली तर काय करायचं, तेही त्यांनी शिकून घेतलं: ओढ लाटेसारखी चढते आणि ओसरते, तेवढा वेळ कुणाला तरी फोन करायचा, चालायचं, थांबायचं. हळदीत आग्रह झाला तर काय बोलायचं, याची समुपदेशकांसमोर अक्षरशः तालीम केली. सुरुवातीच्या महिन्यांत दोनदा पाय घसरला. पण दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी वही उघडली गेली, बाटली नाही.

कुणी म्हणेल, हे परदेशी शास्त्र, आपलं व्रत श्रेष्ठ. बायांनो, आपलंच व्रत आपण नीट वाचलेलं नाही. दोषाच्या चार पायऱ्या आपल्याकडे सांगितल्या आहेत. मनात इच्छा उठली तो अतिक्रम, त्या दिशेला पाऊल पडलं तो व्यतिक्रम, व्रताला तडा गेला तो अतिचार आणि व्रत पूर्ण मोडलं तो अनाचार. श्रावकाच्या बारा व्रतांचे अतिचार आपण प्रतिक्रमणात एकेक करून आठवतो. का? माणूस घसरणार, हे गृहीत धरूनच. घसरल्यावर बघायचं, कबूल करायचं आणि पुन्हा व्रतात यायचं. तडा गेला म्हणून भांडं फेकून द्या, असं आपला धर्म कुठे सांगतो? ते आपण सांगतो.

पण लगेच "बघा, सगळं आपल्याकडे आधीच होतं" म्हणून छाती फुगवू नका. होतं, तर भाऊजींसाठी वापरलं का नाही? अतिचाराला अनाचार ठरवून त्यांना चार दिवस ढाब्यावर कुणी सोडलं?

आता दुसरी गोष्ट. ती सांगताना मला जास्त जड जातं.

माझं माहेर मुरबाडचं. आमच्याकडे धुणंभांड्याला मावशी यायच्या. नवरा पावसाळा संपला की वीटभट्टीवर, आणि मजुरीचा निम्मा पैसा हातभट्टीवर. गावातल्या भल्या माणसांनी एका एकादशीला त्याच्या गळ्यात माळ घातली. त्याने खरंच सोडली, एका दिवसात. तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, भास व्हायला लागले, रात्री आकडी आली. लोकांनी भगताला बोलावलं. दवाखान्यात नेईपर्यंत दुसरी आकडी. वाचला तो, पण एक गोष्ट शिकून घरी आला: "दारू सोडली म्हणून मरत होतो." परत सुरू केली. दोन वर्षांनी गेला.

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर, औषधं, मग बाकीचं. सीबीटीसुद्धा त्यानंतर. हे माळ घालणाऱ्यांना माहीत नव्हतं, आणि त्यांची भावना चांगली होती. चांगल्या भावनेने माणूस मरायचा थांबत नाही. तशाच त्या "नकळत जेवणात मिसळा" म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या. त्यात काय असतं कुणाला ठाऊक? दारू सोडवण्याचं एक औषध असं आहे की त्यावर दारू घेतली तर जीव धोक्यात येतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीत, घेणाऱ्याला सांगूनच द्यायचं असतं. आपल्या हाताने वाढलेल्या आमटीत असलं काही कालवू नका.

भाऊजी आठवड्याला ठाण्याला जाऊ शकले. आसनगावहून लोकल आहे, दुकान सांभाळायला भाऊ आहे, फी द्यायला पैसे आहेत. मावशींच्या नवऱ्याने कसं जायचं? मुरबाडला रेल्वे नाही. एसटीने कल्याण, तिथून ठाणे, एका बैठकीसाठी एक दिवसाची मजुरी बुडाली. २०१९ मध्ये आलेल्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांतल्या एकालाच कसला तरी उपचार मिळतो. उरलेल्या ३७ जणांना आपण शपथा वाटतो.

"खेड्यात मानसोपचारतज्ज्ञ कुठून आणणार?" हा नेहमीचा प्रश्न. त्याचं उत्तर शेजारच्या गोव्याने दिलंय. 'संगाथ' या संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर अभ्यास केला. बोलणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. साधी, प्रशिक्षण दिलेली माणसं. जास्तीत जास्त चार बैठका. आधी माणसाला बोलतं करून त्याची स्वतःची कारणं त्याच्याच तोंडून काढायची, मग वर सांगितली तसली कौशल्यं शिकवायची. तीन महिन्यांनी मोजलं, तेव्हा आधीच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले ४२ टक्के होते. ज्यांना फक्त नेहमीचा उपचार मिळाला, त्यांच्यात १८ टक्के. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. हे पुरुष त्रास होईल इतकं पिणारे, पण पूर्ण आहारी न गेलेले होते, हेही सांगायला हवं. मावशींच्या नवऱ्याच्या अवस्थेला पोचलेल्याला याहून जास्त लागतं. पण त्या अवस्थेला पोचायच्या आधी तोही कधीतरी इथेच उभा होता ना?

४२ म्हणजे निम्मेही नाहीत, असं म्हणाल. मान्य. पण शपथेच्या कार्यक्रमानंतर तीन महिन्यांनी कुणी कधी मोजणी केलीय? फोटो आहेत, आकडा नाही.

मराठी माणसाला हे नवीन आहे, असंही नाही. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं ते १९८६ साली. चाळीस वर्षं व्हायला आली. बोलून, शिकवून, घरच्यांना सोबत घेऊन व्यसन सुटतं, हे आपण तेव्हापासून पाहतोय. तरी गावागावांत अजून माळ, आण आणि पुडी.

दारूचं दुकान बंद करायला मतदान करणाऱ्या बायांना माझा नमस्कार आहे. बाटली आडवी व्हायलाच हवी. पण दुकान बंद झालं तरी सात वाजता शटर ओढायचंच असतं, आणि "एवढं तर हक्काचं" हे वाक्य मनात उठायचंच असतं.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. आरोग्य उपकेंद्रांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात आणि तिथल्या सेवांच्या यादीत मानसिक आरोग्य आहे. यादीत आहे, तर खोलीत आणा. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एक शिकवलेला माणूस, एक शिकवलेली बाई, आणि आठवडे बाजाराच्या दिवशी बैठक, म्हणजे वेगळी मजुरी बुडणार नाही. पुढच्या कार्यक्रमाच्या मांडवाचा खर्च आपल्या संघाने या दोघांच्या प्रशिक्षणाला द्यावा, असं मी सांगून आले आहे. "बघू" असं उत्तर मिळालं. मी परत जाणार आहे.

तोवर, घरात कुणी पीत असेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा टेलिमानसचा, दोन्ही फुकट नंबर भिंतीवर लिहून ठेवा. शपथ जरूर घ्या, ती उंबरठा आहे. पण उंबरठ्यावर उभं करून दार लावून घेऊ नका. आणि घरातला माणूस घसरला, तर त्या दिवशी "मोडलंस ना शेवटी?" एवढं एक वाक्य गिळा. त्याऐवजी विचारा, "काय झालं होतं आज संध्याकाळी?"

आमच्या घरी हा प्रश्न विचारायला सहा वर्षं लागली. त्या सहा वर्षांसाठी भाऊजींना माझं मिच्छामि दुक्कडं.

जय जिनेंद्र.