आता ती शेकोटी विझू द्यावी

दिवेलागणीच्या वेळी आमच्या बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर लाल अक्षरे उमटत : 'यू डाइड'. म्हणजे तू मेलास. एकेका संध्याकाळी दहा-बारा वेळा. नातवाने अर्थ सांगितल्यापासून माझी आई देवापाशी निरांजन लावण्याआधी टीव्ही बंद करायला लावू लागली. "तिन्हीसांजेला कसलं रे हे अभद्र!" आमचे चिरंजीव तेव्हा मुलाखतींतून एकामागून एक नकार घेऊन घरी बसलेले. नोकरीत नापास आणि खेळातही नापास, असे मी एकदा तोंडावर बोलून गेलो. बोललो नसतो तर बरे झाले असते.

खेळाचे नाव 'डार्क सोल्स'. तोक्योच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने तो २०११ साली काढला. पडके किल्ले, राख आणि मरण विसरलेली माणसे. तुम्ही मेलात की जमवलेले सगळे 'आत्मे' (तिथले चलन तेच) मेल्या जागी पडतात आणि तुम्ही शेवटच्या शेकोटीपाशी जागे होता. परत जाऊन ते उचलता येतात, पण वाटेत पुन्हा मेलात तर कायमचे गेले.

त्यात एका देवनगरीच्या दिवाणखान्यात दोन पहारेकरी उभे असतात. एक सडपातळ, भाला घेऊन विजेसारखा धावणारा, तर दुसरा डोंगराएवढा, हातात हातोडा. एकाला मारले की उरलेला त्याची शक्ती घेऊन पुन्हा ताजातवाना होतो. मुलगा या दोघांपाशी अकरा संध्याकाळी अडकला होता. चौथ्या दिवसापासून मी पेपर बाजूला ठेवून बघत बसलो. बाराव्या दिवशी दोघे पडले. मुलगा ओरडला नाही की उड्या मारल्या नाहीत. उठून पाणी प्यायला. त्या पाणी पिण्यात मला त्याच्याविषयी जे कळले, ते आधीच्या वर्षभरात कळले नव्हते.

मालिकेचा दुसरा भाग २०१४ साली आला, तिसरा २०१६ साली. तिसऱ्याला जोडलेले शेवटचे प्रकरण २०१७ साली निघाले आणि त्यानंतर नवा भाग नाही. चौथा कधी, हा प्रश्न मात्र विचारला जातोच. व्यवहार बघता तो यावा असेच कुणीही म्हणेल. याच कंपनीचा 'एल्डन रिंग' २०२२ साली आला आणि वर्षभरात त्याच्या दोन कोटींवर प्रती खपल्या. चालते दुकान कोण बंद करतो?

तरीही माझे मत असे की चौथा भाग निघू नये.

मुळात हा प्रकार जन्माला आला तो कुणाचे लक्ष नव्हते म्हणून. हिदेताका मियाझाकी हे गृहस्थ ओरॅकलमधली नोकरी सोडून, कमी पगारावर, २००४ साली या कंपनीत आले. वय एकोणतीस. तिथे 'डीमन्स सोल्स' नावाचा एक रखडलेला खेळ त्यांनी मागून घेतला. बुडाला तरी कुणी विचारणार नव्हते, म्हणून हवे ते करता आले. २००९ साली तो निघाला, तेव्हा सोनीने अमेरिकेत तो स्वतः काढला नाही, ॲटलस या दुसऱ्या कंपनीने काढला. आणि २०२५च्या जानेवारीत सोनी फ्रॉमसॉफ्टवेअरच्या मालक कंपनीची, कादोकावाची, सर्वांत मोठी भागधारक झाली! चौथा भाग निघाला तर तो आता सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निघेल. पहिला असा निघाला असता का?

लांबवण्याची किंमत मालिकेने आधीच मोजली आहे. पहिल्या खेळात तासन् तास रक्त आटवून वर चढावे, एका देवळातला पाळणा खाली सुटावा आणि दार उघडते ते थेट सुरुवातीच्या शेकोटीपाशी! सगळे जग एका धाग्याने विणलेले आहे हे त्या क्षणी कळते. दुसऱ्या-तिसऱ्या भागात पहिल्यापासूनच एका शेकोटीवरून दुसरीकडे क्षणात जाता येते. सोय झाली, पण वाट चुकण्यातली गंमत गेली. तिसऱ्यात तर तीच देवनगरी पुन्हा भेटते, तोच लोहार पुन्हा ऐरणीवर.

आणि गोष्ट तरी काय आहे? विझत आलेली आग टिकावी म्हणून राजा स्वतःला जाळून घेतो. मग दुसरा, मग तिसरा. शेवटच्या भागात जाळायला काही उरत नाही, नुसती राख. शेवटच्या प्रकरणात एक चित्रकार मुलगी जुने जग सोडून नवे जग रंगवण्यासाठी रंग शोधत असते. ज्यांनी हे लिहिले त्यांनाच पुन्हा फुंकणी हातात द्यायची?

त्यांनी नवी जगे रंगवलीही. 'ब्लडबोर्न' २०१५ साली, 'सेकिरो' २०१९ साली. 'सेकिरो'च्या वेळी खेळ सोपा करावा की नाही यावर मोठा वाद झाला. माझी साठीची बोटे सोप्याच्या बाजूने आहेत, हे कबूल करतो. पण 'डार्क सोल्स'मध्ये मदतीची सोय आहेच. जमिनीवर दुसऱ्या खेळाडूने लिहिलेली खूण उजळते, तिला हात लावला की तो अनोळखी माणूस तुमच्या बाजूने लढायला येतो आणि काम झाले की निरोप न घेता जातो. मियाझाकींना हे सुचले ते बर्फातल्या एका चढावर. गाड्या घसरत होत्या, मागची गाडी पुढचीला ढकलत वर नेत होती. आपल्याला ढकलणाऱ्याचे आभार मानायला ते थांबू शकले नाहीत.

हे सगळे मी मुलाला ऐकवले. तो आता बंगळुरूला नोकरी करतो, यंत्र इथेच ठेवून गेला आहे. फोनवर थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, तुमचं बरोबर असेल. पण चौथा आला असता तर आपण दोघांनी पहिल्या दिवसापासून एकत्र खेळला असता."

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. अजूनही नाही. मत मात्र तेच आहे.

"तुम्ही कुठवर आलात?" त्याने विचारले.

"त्या दोघांपाशी. नववा दिवस."

"आधी भालेवाल्याला मारा, बाबा. आणि आजी झोपल्यावर बसा."