येरळेचे पाणी कोणाच्या मालकीचे?

येरळा ही दुष्काळी नदी आहे, असे सांगून राज्यकर्ते आजवर आपली सुटका करून घेत आले. खटाव तालुक्यात उगम पावून खानापूर, तासगावच्या माळरानांतून ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळणारी ही लहानशी नदी सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वाहते. पाऊस वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटर, तोही मोजक्या सरींत. एवढा दोष निसर्गाचा. पुढचा सारा माणसांचा, आणि त्यांतही मूठभर माणसांचा!

वरच्या अंगाला नेर तलाव आणि येरळवाडीचे धरण आहे; पण येरळेचा खरा साठा तिच्या वाळूत होता. पात्र वरून कोरडे पडले तरी बायाबापड्या वाळूत झिरे खणून घागरी भरीत आणि काठच्या विहिरींना पाझर राही. महसूल खात्याच्या दप्तरी मात्र ही वाळू म्हणजे 'गौण खनिज'. लिलाव झाले, ठेकेदारांचे ट्रक पात्रात उतरले आणि विहिरी तळाला गेल्या.

या लुटीला उत्तर दिले ते बलवडी-तांदुळवाडीच्या कष्टकऱ्यांनी. १९८२ च्या गिरणी संपात मुंबईहून परतलेले कामगार आणि गावचे शेतकरी मुक्ती संघर्ष चळवळीत एकत्र आले. ठेकेदाराला रोखून त्यांनी मोजकीच वाळू स्वतः विकली आणि त्या पैशातून, श्रमदानातून बळीराजा स्मृती धरण उभे केले. परवानगीसाठी त्यांना सरकारशीच झगडावे लागले, हे विशेष. पाणीवाटपाचे त्यांचे तत्त्व साधे होते: पाणी जमिनीच्या एकरावर नव्हे, कुटुंबागणिक, भूमिहीनालाही समान हक्क, आणि बारमाही उसाला थारा नाही.

ज्याची जमीन नाही त्याला पाणी कशाला, असा प्रश्न बागायतदार साळसूदपणे विचारतात. तो खंडाने जमीन कसेल, वाट्याने करील, जनावरे पाळील. उलट प्रश्न त्यांनाच विचारला पाहिजे: पाऊस काय सातबारा पाहून पडतो?

आज हा वाद अधिकच निकडीचा झाला आहे. ताकारी आणि टेंभू या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी या पूर्वेकडील तालुक्यांत चढवले, ही अनेक वर्षांच्या पाणी परिषदांची आणि मोर्चांची कमाई आहे; ती कोणा आमदाराची कृपा नव्हे. हे पाणी टप्प्याटप्प्याने उचलण्यास वीज लागते आणि तिचा मोठा भार सरकारी तिजोरीवर, म्हणजे काडेपेटीवर कर भरणाऱ्या शेतमजुरावरही पडतो. पंप चालवावा सर्वांनी आणि ऊस पिकवावा ज्याच्याकडे तीस एकर आहेत त्याने, हा कोणता न्याय? जिथे पाणी पोचले तिथे जोंधळ्याच्या जागी ऊस उभा राहू लागला आहे, आणि कालव्याच्या शेपटाकडील गावे अजून पाळीची वाट पाहत आहेत.

पाणीवापर संस्थांच्या सभा आता गावोगाव होतात. तेथे बहुधा खातेदारच बसतात. कार्यकर्त्यांनी पुढच्या सभेला गावातील भूमिहीनांना आणि परित्यक्ता स्त्रियांना बरोबर घेऊन जावे आणि कुटुंबागणिक पाण्याचा ठराव कार्यवृत्तात लिहून घेतल्याखेरीज उठू नये.