सॉफ्टनरचे मीठ आणि आवर्तसारणीचे गण

सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांचा रंग एकसारखा बसावा म्हणून येथील डाईंग कारखान्यांत रंगाच्या प्रमाणाची जितकी काटेकोर काळजी घेतली जाते, तितकी पाण्याची घेतली जातेच असे नाही. परिसरातील बेसाल्ट खडकांत मुरलेले बोअरचे पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार सोबत आणते. हे क्षार साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात, काही रंगांच्या गुठळ्या करतात आणि शेवटी मालावर डाग दिसतात. त्यावरचा उपाय असलेला सॉफ्टनर सर्वांच्या परिचयाचा असला, तरी त्याला मीठ किती द्यावे हे अनेकदा सवयीने ठरते. वास्तविक त्या हिशेबाचे मूळ आवर्तसारणीत आहे.

अणूच्या सर्वांत बाहेरच्या कवचातील, रासायनिक बंधात भाग घेणाऱ्या इलेक्ट्रॉनांना संयुजा इलेक्ट्रॉन म्हणतात, तर सारणीतील उभ्या स्तंभाला गण म्हणतात. पहिल्या दोन गणांत गणाचा क्रमांक हीच संयुजा इलेक्ट्रॉनांची संख्या असते आणि १३ ते १८ या गणांत, हेलियम वगळता, क्रमांकातून १० वजा केले की ती मिळते. सोडियमची मांडणी २, ८, १ आणि कॅल्शियमची २, ८, ८, २ असल्याने पहिले एक इलेक्ट्रॉन देते, दुसरे दोन. म्हणूनच सॉफ्टनरमधील, सोडियम धरून ठेवणाऱ्या रेझिनवर कॅल्शियमचा एक आयन, म्हणजे प्रभारित कण, धरला गेला की सोडियमचे दोन आयन सुटतात. १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका हार्डनेस काढलेले रेझिन पूर्ववत करण्यास या हिशेबाने किमान ११७ ग्रॅम मीठ हवे. रेझिनची ओढ कॅल्शियमकडे अधिक असल्याने प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त लागते.

पाण्यातून येणाऱ्या लोहाच्या बाबतीत मात्र हा सोपा नियम अपुरा पडतो. आठव्या गणातील हे संक्रामक मूलद्रव्य बाहेरच्या दोन इलेक्ट्रॉनांसोबत आतल्या कवचातलाही इलेक्ट्रॉन देऊ शकते आणि दोन व तीन धनप्रभारांच्या अवस्थांत ये-जा करते. त्यामुळे पेरॉक्साइड ब्लीचिंगमध्ये ते पेरॉक्साइडचे वेगाने विघटन घडवते आणि जेथे गंजाचा कण चिकटला असेल, तेथे सूत कमकुवत होऊन कापडाला बारीक भोके पडतात. गंजाचे असे कण सॉफ्टनर अडवेलच याची खात्री नसते.

म्हणून प्रत्येक कारखान्याच्या पाण्याच्या नोंदवहीत हार्डनेस आणि लोह यांचे रकाने स्वतंत्र असावेत. पहिल्याचा हिशेब गणाच्या क्रमांकावरून मांडता येतो, दुसऱ्यासाठी ब्लीचिंगपूर्वी स्वतंत्र तपासणीच करावी लागते.