खुनाची मेजवानी

गेल्या महिन्यात आमच्या परिचयातील एका सुविद्य कुटुंबातील चिरंजीव माझ्याकडे आले. वीस-बावीस मित्रमैत्रिणींसाठी एक 'थीम डिनर' योजीत असल्याचे त्यांनी सांगितले. विषय ठरला होता: १९७६–७७ मधील पुण्याचे जोशी-अभ्यंकर हत्याकांड. चौघांनी आरोपी व्हावयाचे, एकाने माफीचा साक्षीदार, दोघांनी पोलीस अधिकारी. उरलेल्या मंडळींनी जेवता जेवता पुरावे जुळवीत बसावयाचे. पदार्थ त्या काळचे हवेत, दिवे मंद हवेत, आणि "काका, तुम्ही तेव्हा पुण्यातच शिकायला होतात, त्या दिवसांतलं वातावरण कसं होतं ते थोडं सांगा, म्हणजे आम्हांला अगदी हुबेहूब करता येईल," अशी त्यांची विनंती होती. मुलगा सुशील आहे, वाचनाचा नादी आहे, पायाखाली मुंगी आली तरी हळहळणारा आहे. म्हणूनच त्याचे बोलणे ऐकून मला संतापाआधी भय वाटले. त्या वेळी मी त्याला तोंडी जे उत्तर दिले ते अपुरे होते. ते पुरे करावे, एवढाच या लेखाचा हेतू.

ही कल्पना त्याची स्वतःची नव्हे. इंग्लंड-अमेरिकेत खऱ्या खुनांच्या कथा ऐकण्याचे व पाहण्याचे वेड जुनेच आहे. २०१४ साली 'सीरियल' नावाची ध्वनिमालिका लोकप्रिय झाल्यापासून तर त्याला अक्षरशः उधाण आले. ऐकून भागेना तेव्हा पाहणे आले, पाहून भागेना तेव्हा त्या कथेच्या आत जाऊन बसणे आले, आणि आत बसल्यावर माणसाला भूक लागणारच. म्हणून आता ताटे मांडली जातात. तिकडे जे आज होते ते आपल्याकडे उद्या होते, हा गेल्या दीडशे वर्षांचा अनुभव आहे. त्यातले चांगले येण्यास उशीर लागतो एवढेच.

प्रथम माझा स्वतःचा अपराध सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वी लंडनमध्ये पुतण्याकडे असताना त्याने हौसेने मला अशा एका मेजवानीस नेले. पूर्व लंडनमधील एक तळघर, भिंतींवर १८८८ सालच्या वर्तमानपत्रांच्या प्रतिकृती, वाढपी त्या काळच्या पोशाखात, आणि पदार्थांच्या पत्रिकेच्या शिरोभागी 'जॅक द रिपर' हे नाव. ॲनी चॅपमनचे सोंग घेतलेली एक तरुण नटी खोकत, हसत टेबलांमधून फिरत होती. तिसऱ्या व चौथ्या वाढपाच्या दरम्यान पडद्यामागून किंकाळी ऐकू आली, दिवे क्षणभर गेले, आणि टाळ्या पडल्या. ती मुलगी पुन्हा आली नाही. मग प्रत्येकाच्या हाती एक लिफाफा देण्यात आला. त्यातील संशयितांपैकी खुनी कोण ते लिहावयाचे होते. मीही लिहिले. सूप उत्तम होते, हेही कबूल केले पाहिजे.

घरी आल्यावर झोप लागेना, म्हणून पुतण्याच्या कपाटातील हॅली रुबेनहोल्ड यांचे 'द फाइव्ह' हे २०१९ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक काढून बसलो. या बाईंनी मारेकरी कोण या प्रश्नाला हात न लावता त्या पाच स्त्रियांची चरित्रेच लिहिली आहेत. ८ सप्टेंबर १८८८ च्या पहाटे मारली गेलेली ॲनी चॅपमन ही त्या रात्री भाड्याच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात एक भाजलेला बटाटा खात बसली होती. खाटेचे पैसे जवळ नव्हते, म्हणून तिला बाहेर पडावे लागले. तिच्या आठच दिवस आधी मारली गेलेली मेरी ॲन निकोल्स हिला अशाच घरातून बाहेर काढले ते चार पेन्स नव्हते म्हणून. कॅथरिन एडोज हिने मरणाच्या थोडेच आधी आपल्या सोबत्याचे बूट गहाण टाकून चहासाखर आणली होती. बटाटा, चार पेन्स आणि गहाण पडलेले बूट! त्या तळघरात आम्हां चौघांच्या पानांवर जे उष्टे राहिले होते तेवढ्यात यांतील कोणाचीही ती रात्र निभावली असती. भूक व निवारा यांच्यापायी ज्या स्त्रिया रस्त्यावर आल्या, त्यांच्या मरणाचे पाच वाढपांचे जेवण आम्ही जेवलो. पत्रिकेवर नाव त्यांचे नव्हते, मारेकऱ्याचे होते. आणि ते तरी त्याचे कोठे? २५ सप्टेंबर १८८८ ही तारीख घातलेले एक पत्र एका वृत्तसंस्थेकडे आले, त्याखाली ती सही होती. आणि ते पत्र कोणा बातमीदारानेच रचले असावे असे पुढे पोलिसांतील वरिष्ठांचे मत झाले. म्हणजे ज्या नावाभोवती सव्वाशेहून अधिक वर्षे हा बाजार भरत आहे, ते नावच मुळात वर्तमानपत्रे खपविण्याची युक्ती असण्याचा संभव आहे. लंडनच्या केबल स्ट्रीटवर २०१५ साली एक संग्रहालय उघडले, त्याची परवानगी पूर्व लंडनमधील स्त्रियांच्या इतिहासाचे संग्रहालय म्हणून मागितलेली होती. पडदा उघडला तेव्हा आत रिपर निघाला. स्त्रियांचा इतिहास खपत नाही, त्यांचा खून खपतो, हा त्या व्यापाऱ्यांचा हिशेब होता.

आता आक्षेपकांकडे वळू. कोणी म्हणेल, हे वेड काही आजचे नाही. कबूल. १८२७ साली सफोक परगण्यात मारिया मार्टेन हिचा खून झाला, तेव्हा ज्या तांबड्या कोठारात तिचे प्रेत सापडले त्याच्या फळ्या लोकांनी आठवण म्हणून ओरबाडून नेल्या. आणि १८२८ मध्ये फाशी गेलेल्या मारेकऱ्याच्या कातडीत बांधलेले पुस्तक बरी सेंट एडमंड्सच्या संग्रहालयात आजही आहे. पण खोड जुनी आहे एवढ्यावरून ती चांगली ठरत नाही. दुसरा म्हणेल, गुप्तहेरकथा तुम्हीही वाचल्याच की! वाचल्या, बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके आम्ही पाठ्यपुस्तकात घालून वाचली आणि त्यापायी छड्याही खाल्ल्या. पण झुंजार ज्या प्रेतावरून शोध सुरू करतो त्या प्रेताला आई नसते. ते लेखकाने कोड्यासाठी घडविलेले असते, कोडे सुटले की ते पुस्तकाबरोबरच मिटते. कल्पित खुनाचे कोडे सोडवीत मुंबईच्या एखाद्या हॉटेलात कोणी जेवू लागले, तर ती करमणूक मला पोरकट वाटेल, पापमय वाटणार नाही. खऱ्या खुनात मेलेले माणूस कोणासाठीही कोडे म्हणून जन्मास आलेले नव्हते. त्याची भावंडे, त्याची मुले, कधी कधी त्याच गावात, त्याच रस्त्यावर राहत असतात.

"यातून मुली सावध राहायला शिकतात," असेही एक समर्थन मी ऐकले आहे. सावधपणा शिकविण्यास गोड पदार्थ आणि मंद दिवे लागतात, हे मला नवीन होते.

जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ साली एका निबंधात रविवारच्या दुपारी भरपेट जेवून, चहा घेऊन, सोफ्यावर पाय पसरून वर्तमानपत्रातील खुनाची हकीकत चवीने वाचणाऱ्या इंग्रज गृहस्थाचे चित्र रेखाटले आहे. ते चित्र उपरोधाचे होते. पण त्या गृहस्थाचे जेवण तरी आधी झालेले असे. ताट एका खोलीत आणि प्रेत दुसऱ्या, एवढा विवेक त्याच्यात उरलेला होता. आता मधला दरवाजाच काढून टाकला आहे. अमेरिकेतील फॉल रिव्हर गावी बॉर्डन दांपत्याचा ४ ऑगस्ट १८९२ रोजी खून झाला. पुढील वर्षी त्यांची कन्या लिझी निर्दोष सुटली, आणि आरोपी म्हणून दुसरे कोणी कधी उभे राहिले नाही. १९९६ पासून त्या घराचे पाहुण्यांसाठी निवासगृह झाले, आणि त्या दांपत्याने मरणाच्या दिवशी सकाळी जी न्याहारी केली तिच्यासारखीच न्याहारी तेथे पाहुण्यांस देण्याची प्रथा पडली. मृताने शेवटचा घास घेतला तोच घास पैसे मोजून खाण्यात कोणता आनंद असेल, हे मी पुष्कळ विचार करूनही समजू शकलो नाही.

मात्र एका बाबतीत लंडनकरांची लाज अजून शिल्लक आहे, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. २०१४ साली तेथील हॉक्स्टन भागात 'डेथ रो डिनर्स' नावाची मेजवानी जाहीर झाली. अमेरिकेत फाशीच्या कैद्यांनी जे शेवटचे जेवण मागितले, त्यावरून सुचलेले पदार्थ पन्नास पौंडांस मिळावयाचे होते. जाहिरातीत गळ्यात पाट्या अडकविलेल्या माणसांची छायाचित्रे होती. लोक असे खवळले की योजकांना क्षमा मागून तो बेत सोडावा लागला. त्यांना धमक्याही आल्या म्हणतात; तो प्रकार अर्थात निंद्यच. गंमत अशी की, ज्या टेक्सास राज्यात हे शेवटचे जेवण प्रसिद्ध होते, तेथील तुरुंगखात्याने कैद्याच्या मागणीप्रमाणे ते देणे २०११ सालीच बंद केले होते. तुरुंगाने बंद केलेले ताट उपाहारगृह उघडावयास निघाले होते.

अन्न आणि मरण यांचा संबंध आपल्या लोकांनी फार पूर्वी, फार विचाराने ठरवून टाकलेला आहे. ज्या घरी माणूस गेले त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही. शेजारच्या घरून पिठले-भात येतो, आणि तो देणारी बाई पदराने डोळे पुसत मागल्या दाराने देऊन जाते. दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवेपर्यंत माणसे उन्हात ताटकळत उभी राहतात; शिवला नाही तर मेलेल्याची इच्छा काय राहिली असेल याचा शोध घेतात, कोणी मोठ्याने त्याला वचन देतो, आणि मग कावळा उतरतो. तेराव्याला गोड जेवण होते तेही मृताच्या नावाने, त्याच्या आवडीचा पदार्थ करून. कावळ्यावर माझा विश्वास आहे की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. त्या सगळ्या विधीत मेलेले माणूस केंद्रस्थानी असते. जेवणाऱ्याने त्याचे नाव घ्यावयाचे असते, त्याची इच्छा विचारावयाची असते. या नव्या मेजवानीतही शोध चालतो, लिफाफे उघडले जातात. मात्र मेलेल्याला काय हवे होते, हे कोणी विचारीत नाही.

चिरंजीवांना वातावरण हवे होते. ते असे होते. संध्याकाळी सहा-सातनंतर रस्ते ओस पडत. दारावर थाप पडली की घरातील माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत आणि कोणी कडी काढीत नसे. ज्यांच्याकडे मी जेवावयास जात असे त्या आजी आवाज ओळखल्याशिवाय दार उघडीत नसत, आणि मी आत आलो की पानावर बसण्याआधी मला पाणी देऊन म्हणत, "आलास ना बाबा." अन्न कोणाच्या घशाखाली नीट उतरत नव्हते. १९७६ च्या डिसेंबरच्या आरंभी भांडारकर रस्त्यावरील एका घरात पाच माणसे मारली गेली: वृद्ध गृहस्थ, त्यांची पत्नी, दोन नातवंडे आणि घरकाम करणारी बाई. ते गृहस्थ म्हणजे काशीनाथशास्त्री अभ्यंकर. संस्कृत व्याकरणाचा त्यांनी केलेला इंग्रजी कोश १९६१ साली बडोद्यास प्रसिद्ध झाला; तो आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो. पतंजलीच्या महाभाष्याचे मराठी भाषांतर त्यांचे वडील वासुदेवशास्त्री यांनी केले, त्याला प्रस्तावनाखंड जोडण्याचे काम या पुत्राने पार पाडले. दोन पिढ्या एका ग्रंथावर खपल्या होत्या.

आणि आज काय आठवते? एका प्रमुख मारेकऱ्याचे आडनाव पुण्यातील शाळकरी पोरालाही ठाऊक असते. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यास फाशी झाली, ही तारीखही पुष्कळांना तोंडपाठ असते. १९८६ साली निघालेल्या चित्रपटाचे नाव 'माफीचा साक्षीदार', म्हणजे तेही गुन्हेगारांच्या बाजूचेच. इतके मात्र म्हणेन की, खटल्याला आपण मृतांच्या कुटुंबांची नावे दिली, मारेकऱ्यांची दिली नाहीत. लंडनला तेही साधले नाही.

मी त्या मुलाला त्याची यादी पुन्हा वाचावयास सांगितले. आरोपी चार, साक्षीदार एक, पोलीस दोन. "यात काशीनाथशास्त्री कोण होणार?" मी विचारले. तो म्हणाला, "काका, ते रोल कोणी घेत नाही. त्यांना फारसं काही करायचंच नसतं." तो हे उद्धटपणे म्हणाला नाही, खेळाचा नियम सांगावा तसे म्हणाला. मग मी त्याला विचारले की, त्या घरात काम करणाऱ्या बाईचे नाव तुला माहीत आहे काय? त्याला माहीत नव्हते. शरमेची गोष्ट ही की, त्या क्षणी मलाही ते आठवेना.

जाताना त्याने व्याकरणाच्या त्या कोशाचे नाव लिहून नेले. मेजवानीचा बेत राहिला की मोडला, हे त्याने अद्याप कळविलेले नाही.